‘इतर : १’ — बिलालपाड्याचा विमान अपघात आणि चौकशीचे कागद वाचण्याची रीत

२८ मे १९६८, मंगळवार. इंडोनेशियाच्या गरुडा कंपनीचं कॉन्व्हेअर ९९० जातीचं चार इंजिनांचं जेट विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून कराचीकडे निघालं आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात नालासोपाऱ्याजवळ बिलालपाड्याला कोसळलं. विमानाची नोंदणी पीके-जीजेए. आतले सगळे २९ जण गेले. आणि आणखी एक जण गेला, जो विमानात नव्हता. तो जमिनीवर होता.

नालासोपारा म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याला शूर्पारक आठवतं. बुरुड राजाचा कोट, भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरलेला स्तूप, अशोकाचा शिलालेख. ते आठवायलाच हवं. पण नालासोपारा पूर्वेला, हायवेच्या बाजूला जी आज चाळींची दाट वस्ती दिसते, तिच्या पोटातही एक इतिहास आहे आणि त्याचं वय साठीच्या आतच आहे. आजच्या लेखात तो अपघात मी निमित्त म्हणून घेतोय. खरा विषय असा : विमान पडलं की त्याची खबर कोण कुणाला देतो, चौकशी कोण करतो, आणि त्यातून जे कागद तयार होतात ते संशोधकाने कसे वाचायचे?

पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मंडळींना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. कागद हातात आला की त्यात काय लिहिलंय हे नंतर बघा. आधी हे बघा की तो कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिला गेला. विमान अपघाताइतकं हे स्वच्छ शिकवणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी पत्ता शोधा

शोधाला सुरुवात करताना तुम्ही ‘पालघर जिल्हा, विमान अपघात, १९६८’ असं टाकाल. हाती काही लागणार नाही, कारण पालघर जिल्हा जन्मला १ ऑगस्ट २०१४ रोजी. १९६८ मध्ये बिलालपाडा होता ठाणे जिल्ह्यात, वसई तालुक्यात. वसई-विरार महानगरपालिका तर २००९ ची. इंग्रजी कागदांत तेव्हा वसई ‘बॅसीन’ म्हणून येते, मुंबई ‘बॉम्बे’ म्हणून. नालासोपारा कुठे एका शब्दात, कुठे दोन शब्दांत, कुठे एक ‘ल’ कुठे दोन. बिलालपाड्याचंही तेच. त्यामुळे शब्दांची एक यादी करून ठेवा आणि प्रत्येक रूपाने शोधा.

पोलिसांच्या कागदांचा प्रवास आणखी वळणाचा आहे. तेव्हाची हद्द ठाणे जिल्हा पोलिसांची. २०१४ नंतर पालघर पोलिसांची. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं. म्हणजे जुनं दप्तर मागायला कुठे जायचं हे आजच्या नकाशावरून ठरत नाही, १९६८ च्या नकाशावरून ठरतं. गावाचं दप्तर गावाबरोबर हलतंच असं नाही.

तारखेचाही एक सापळा आहे. विमान वाहतुकीचे कागद बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेले असतात आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. १९६२ मध्ये अलितालिया कंपनीचं डीसी-८ जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळलं. जागतिक वेळेनुसार ती ६ जुलैची संध्याकाळ होती. जुन्नरच्या माणसासाठी मध्यरात्र उलटून गेलेली होती आणि ७ जुलै लागली होती. दोन्ही तारखा बरोबर आहेत. एकाच अपघाताला दोन अपघात समजून दोन नोंदी करणारे लोक मात्र असतात.

चौकशी कुणाची?

बिलालपाड्याला पडलेलं विमान इंडोनेशियाचं, बनावट अमेरिकेची, माती आपली. मग चौकशी कुणी करायची?

याचं उत्तर १९४४ च्या शिकागो करारात आहे. त्याचं २६ वं कलम सांगतं की अपघात ज्या देशाच्या हद्दीत झाला त्या देशाने चौकशी करायची आणि विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्याला आपला प्रतिनिधी पाठवण्याची संधी द्यायची. पुढे १९५१ मध्ये या कराराला अपघात चौकशीसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं गेलं, परिशिष्ट १३. आज जगभर चौकशीची जी पद्धत दिसते तिचा पाया हे परिशिष्ट आहे. म्हणून १९६८ ची चौकशी भारताच्या पदरात आली.

हाच नियम उलट्या बाजूने लागलेला तुम्हाला माहीत आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा. विमान भारताचं, पण पर्वताची ती बाजू फ्रान्सची. चौकशी फ्रेंच समितीने केली. निष्कर्ष असा निघाला की वैमानिकाचा आपण पर्वताच्या कोणत्या बाजूला आहोत याचा अंदाज चुकला. नियंत्रण कक्षाने त्याला दुरुस्ती कळवली, पण ती नेमक्या शब्दांत नव्हती, म्हणून वैमानिकाला वाटलं की कडा मागे पडला. भाभांच्या मृत्यूभोवती आजही घातपाताच्या कथा फिरतात. त्या सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी फ्रेंच समितीचा निष्कर्ष वाचलेला असतो, हे एकदा विचारून बघा.

आणि विमान कुठल्याच देशाच्या हद्दीत पडलं नाही तर? मग ज्या देशात ते नोंदलेलं आहे त्याने चौकशी करायची. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ आयर्लंडजवळच्या समुद्रात पडलं, तेव्हा न्यायमूर्ती किरपाल यांच्याकडे भारताने चौकशी दिली ती याच नियमाने.

संशोधक म्हणून यातून एक कामाची गोष्ट निघते. आपल्या गावात पडलेल्या परदेशी विमानाचे कागद किमान तीन देशांत असू शकतात : जिथे ते पडलं तो, जिथे ते नोंदलं होतं तो, आणि जिथे ते बनलं तो. दिल्लीत दार बंद दिसलं म्हणून काम संपत नाही.

१९६८ मध्ये खबर कशी जायची

त्या काळचा कायदा म्हणजे १९३४ चा विमान अधिनियम आणि त्याखालचे १९३७ चे विमान नियम. अपघाताच्या चौकशीचा भाग दहावा. हा भाग मूळातून वाचा, फार मोठा नाही. त्यात तीन गोष्टी सापडतात.

पहिली, खबर. अपघात झाला की वैमानिकाने, आणि तो जिवंत नसेल तर विमानाच्या मालकाने किंवा चालवणाऱ्या कंपनीने, नागरी विमान वाहतूक महासंचालकांना कळवायचं. त्याचबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आणि जवळच्या पोलीस ठाण्यालाही. म्हणजे कायद्यानेच पहिल्या दिवसापासून दोन वाटा फुटतात. एक दिल्लीला जाते, दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणी.

दुसरी, अवशेष. परवानगीशिवाय विमानाच्या तुकड्यांना हात लावायचा नाही. अपवाद मोजके : माणसं किंवा जनावरं बाहेर काढणं, आग विझवणं, टपाल सुरक्षित हलवणं, लोकांना असलेला धोका किंवा अडथळा दूर करणं. जनावरांचा उल्लेख नियमात आवर्जून आहे. नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की विमान शेतातही पडतं.

तिसरी, चौकशीचे प्रकार. साधारण अपघात असेल तर महासंचालक एका निरीक्षकाला चौकशी करायला सांगत. मोठ्या किंवा सार्वजनिक महत्त्वाच्या अपघातात केंद्र सरकार औपचारिक चौकशी नेमू शके. मग चौकशी न्यायालय बसे, मदतीला तज्ज्ञ असेसर असत, आणि साक्षीदाराला बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला मिळत. कुठल्याही जुन्या अपघाताच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच विचारा की चौकशी यातल्या कोणत्या प्रकारची होती. निरीक्षकाचा अहवाल आटोपशीर आणि तांत्रिक असतो. न्यायालयाच्या चौकशीत साक्षी होतात, वकील बोलतात, माणसांचे आवाज उरतात. इतिहासकाराला दुसरा प्रकार मिळाला तर दिवाळीच.

एक अपघात, चार प्रश्न

आता मुख्य मुद्दा. विमान पडल्यावर चार निरनिराळ्या यंत्रणा कामाला लागतात आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा असतो.

विमान वाहतूक खातं विचारतं, हे कसं घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं? पोलीस विचारतात, ही माणसं कोण आणि मृत्यू कशाने झाला? (अनैसर्गिक मृत्यूचा पंचनामा तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा. आज तीच तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे.) दिवाणी न्यायालय विचारतं, भरपाई कुणी द्यायची? आणि वर्तमानपत्र विचारतं, आज वाचकाला काय सांगायचं?

प्रश्न वेगळे म्हणून उत्तरंही वेगळी येतात. ती एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटलं की नवा संशोधक गोंधळतो आणि ‘खरं काय?’ म्हणून कुणातरी एकाची बाजू घेतो. घाई करू नका. १ जानेवारी १९७८ चं उदाहरण बघू.

त्या संध्याकाळी एअर इंडियाचं पहिलं जम्बो ‘सम्राट अशोक’ दुबईला जायला सांताक्रूझहून उडालं आणि पावणेदोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण होते, एकही वाचला नाही. विमान आडवं किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. विमान उजवीकडे कललंय असं ते दाखवत राहिलं. बाहेर काळोख आणि समुद्र, डोळ्याला क्षितिजाचा आधार नाही. कॅप्टनने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवलं, आणि वळवतच राहिले. भारतातल्या चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा : उपकरण बिघडल्यावर कॅप्टनला विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही आणि त्यांनी चुकीच्या दिशेने नियंत्रण फिरवलं, बाकीच्या उपकरणांवरून सावरणं शक्य होतं.

मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत बोइंग आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. १९८५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी या कंपन्यांवरचा निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

बघा, आता तुमच्यापुढे दोन कागद आहेत. पहिला विचारतोय ‘काय झालं?’ दुसरा विचारतोय ‘या कंपन्यांनी कायद्याने पैसे द्यायला हवेत का?’ दुसऱ्याने ‘नाही’ म्हटलं याचा अर्थ उपकरण बिघडलंच नव्हतं असा होत नाही, आणि पहिल्याने कॅप्टनच्या हाताबद्दल लिहिलं याचा अर्थ तो एकटा दोषी असाही होत नाही. तुमच्या प्रबंधात ‘अमेरिकन न्यायालयाने बोइंगला निर्दोष ठरवल्यामुळे अपघाताचं कारण वैमानिकाची चूक हे सिद्ध होतं’ असं वाक्य आलं, तर परीक्षक तिथेच लाल खूण करेल आणि ते योग्यच असेल.

दावंड्याच्या अपघाताचं कारणही या नजरेने वाचा. ९४ जण गेले होते. वैमानिकाला वाटलं आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो, म्हणून रात्री, पावसाळ्यात, तो वेळेआधी खाली उतरू लागला. उपलब्ध मार्गदर्शक साधनं वापरली नाहीत, किमान सुरक्षित उंची पाळली नाही आणि प्रदेशाची ओळख नव्हती, हे जोडीला नोंदवलं गेलं. सह्याद्री ओळखीचा नसणं हे ‘कारण’ की ‘पार्श्वभूमी’? अहवाल कुठलं वाक्य ‘कारण’ या मथळ्याखाली घालतो आणि कुठलं ‘सहाय्यक घटक’ म्हणून बाजूला ठेवतो, यातच त्या काळाची विचार करण्याची पद्धत दिसते. जुने अहवाल बहुतेक माणसाच्या चुकीपाशी थांबतात. अलीकडचे विचारतात, ती चूक होऊ देणारी व्यवस्था कशी होती?

‘चुकीचं इंधन’ : ऐकीव कारण कसं तपासायचं

बिलालपाड्याच्या अपघाताबद्दल इंटरनेटवर एक कारण सांगितलं जातं : मुंबईत विमानात जेटच्या इंधनाऐवजी पिस्टन इंजिनाचं पेट्रोल भरलं गेलं. वाचल्याबरोबर पटतं, आणि पटकन पटणारं कारण सापडलं की संशोधकाने थोडं थांबायचं असतं.

याचे तुकडे करू. ‘चुकीचं इंधन भरलं’ हे एक विधान. ‘त्यामुळे विमान पडलं’ हे दुसरं. पहिलं खरं असलं तरी दुसरं आपोआप खरं होत नाही. पिस्टन इंजिनात जेटचं इंधन गेलं तर ते घातक असतं. याच्या उलट, म्हणजे जेट इंजिनात विमानाचं पेट्रोल, ही गोष्ट तितकी सरळ नाही. अनेक जेट इंजिनांना अडचणीच्या वेळी मर्यादित प्रमाणात ते चालवण्याची मुभा त्यांच्या पुस्तिकेतच दिलेली असे. म्हणून दुसऱ्या विधानाला स्वतंत्र पुरावा लागतो.

कुठला पुरावा? इंजिनांची तपासणी : जमिनीवर आदळताना ती फिरत होती की थांबलेली होती, हे पात्यांच्या मोडण्यावरून कळतं. इंधनाच्या गाडीतले आणि साठ्यातले नमुने. त्याच गाडीतून त्या रात्री आणखी कुठल्या विमानांत इंधन भरलं, आणि त्यांचं काय झालं? भरणाऱ्याची सही असलेली पावती. वैमानिकाचं नियंत्रण कक्षाशी झालेलं शेवटचं बोलणं. यातलं काही ज्या कागदात नसेल, तो कागद हे विधान फक्त पुढे ढकलतोय.

आणि मग वंशावळ काढा. संकेतस्थळ कुणाचा हवाला देतं? त्याने कुठल्या पुस्तकाचा? त्या पुस्तकाने कुठल्या बातमीचा? दहा ठिकाणी तीच गोष्ट लिहिलेली असली आणि दहाही एकाच ठिकाणाहून उचललेली असली, तर तुमच्याकडे साक्षीदार दहा नाहीत, एकच आहे.

‘इतर’ या रकान्यातला माणूस

आज परिशिष्ट १३ च्या नमुन्यानुसार लिहिलेला कुठलाही अहवाल उघडा. सुरुवातीलाच एक छोटा तक्ता असतो : व्यक्तींना झालेल्या इजा. आडवे रकाने तीन. कर्मचारी, प्रवासी, इतर. बिलालपाड्याचा तो माणूस या तक्त्यात बसवायचा तर तिसऱ्या रकान्यात येईल. ‘इतर : १.’

त्याला मोजलं जातं, हे आधी मान्य करू. अपघाताच्या व्याख्येतच ते आहे. विमानात असल्यामुळे, विमानाच्या किंवा त्यातून सुटलेल्या तुकड्याच्या थेट आघाताने, किंवा जेटच्या झोताने कुणी मेलं अथवा गंभीर जखमी झालं, तर तो अपघात. ३० दिवसांच्या आत जखमी दगावला तरी तो मृत्यू त्याच अपघाताच्या खात्यात. म्हणजे जमिनीवरचा माणूस व्याख्येत पुरता आहे.

पण अहवालाचा प्रश्न आठवा : हे पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं? या प्रश्नाला वैमानिकाचे उड्डाणाचे तास लागतात, त्याची झोप लागते, यंत्रांची देखभाल लागते. ज्याच्यावर विमान पडलं त्याचं वय, त्याचं घर, त्याची बायको-मुलं, त्याची जमीन स्वतःची होती की कुळाची, यातलं काहीही लागत नाही. म्हणून वैमानिकाबद्दल पानं भरतात आणि त्याच्या वाट्याला एक आकडा येतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. प्रश्नच तसा आहे.

भरपाईच्या कायद्याची रचनाही अशीच. १९२९ चा वॉर्सा करार हा विमान कंपनीची प्रवासी, सामान आणि माल यांच्याबद्दलची जबाबदारी ठरवतो. तिकीट हा त्याचा आधार. ज्याने तिकीटच काढलं नाही, तो त्या करारात कुठे येणार?

मग त्याचं नाव कुठे असेल? जिथे प्रश्न ‘हा माणूस कोण?’ असा होता तिथे. म्हणजे पोलिसांच्या मरणोत्तर पंचनाम्यात, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या नुकसानीच्या कागदांत. दिल्लीच्या अहवालात जो एक आकडा आहे, तो तालुक्याच्या कागदात माणूस असतो. आणि बिलालपाड्यात, नावातच ‘पाडा’ असलेल्या वस्तीत, तो माणूस कोण होता हे शोधणं म्हणजे या अपघाताच्या इतिहासातला निम्मा भाग शोधणं आहे. विमानातल्या २९ जणांची यादी कंपनीकडे होती. तिसाव्याची यादी कुणीतरी करायची असते.

तोंडी इतिहासही इथेच उपयोगी पडतो. पण म्हाताऱ्या माणसाला ‘१९६८ मध्ये काय झालं?’ असं विचारू नका. सन कुणाच्या लक्षात राहत नाही. खुणा लक्षात राहतात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्याच्यानंतरचा पहिला उन्हाळा. मे महिन्याचे शेवटचे दिवस, राब भाजून झालेले, पेरणीसाठी पावसाची वाट बघणं चाललेलं. अशा खुणांवरून विचारलंत तर आठवण जागेवर येते. आणि ‘विमान कसं पडलं?’ हे तिला विचारू नका, त्याचं उत्तर तज्ज्ञांकडे आहे. ‘सकाळी तिथे कोण गेलं, पोलीस कधी आले, शेतात पुढच्या वर्षी काय पेरलं?’ हे विचारा. याचं उत्तर फक्त तिच्याकडेच आहे.

ज्यात कुणी मरत नाही

एक मुद्दा विद्यार्थी हमखास विसरतात. चौकशी फक्त अपघातांची होत नाही. ‘घटना’ आणि ‘गंभीर घटना’ यांचीही खबर द्यावी लागते, म्हणजे जिथे अपघात थोडक्यात टळला. हे कशाला?

१५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. दोन्ही विमानतळ शेजारीशेजारी, धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या. कुणाला काही झालं नाही, काही दिवसांनी विमान तिथून उडवून नेलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ त्याच गैरसमजातून त्याच जुहूला उतरलं. या वेळी विमान धावपट्टी ओलांडून गेलं आणि निकामी झालं. सुदैवाने जीव वाचले. मधली १९ वर्षं गैरसमजाची जागा तशीच होती. घटनेची नोंद ही अशी पुढच्या अपघाताची आगाऊ पावती असते.

१९६८ पासून आजपर्यंत काय बदललं

मोठा बदल २०१२ चा. तोवर विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारं खातं आणि अपघाताची चौकशी करणारं खातं एकच होतं. म्हणजे नियंत्रणात त्रुटी असेल तर ती शोधायची जबाबदारी नियंत्रकावरच. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान दरीत गेलं, १५८ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. त्यानंतर जुलै २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्युरो, म्हणजे एएआयबी, स्थापन झाला. आता चौकशी २०१७ च्या नियमांनी चालते आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की चौकशीचा एकमेव उद्देश अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नव्हे. ३० दिवसांत प्राथमिक अहवाल आणि शक्यतो १२ महिन्यांत अंतिम अहवाल, हा आंतरराष्ट्रीय दंडक.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण : १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून ओएनजीसीच्या अधिकाऱ्यांना घेऊन निघालेलं पवन हंसचं हेलिकॉप्टर डहाणूजवळच्या समुद्रात कोसळलं, सातही जण गेले. त्याची चौकशी एएआयबीकडे गेली. १९६८ चा कागद आणि २०१८ चा कागद शेजारी ठेवून वाचणं हाच एक चांगला छोटा प्रकल्प होईल : कुठले प्रश्न पन्नास वर्षांत नवे आले आणि कुठला रकाना आहे तसाच राहिला?

हा विषय घेणार असाल तर

१. आधी कायदा वाचा, मग बातम्या. त्या वर्षी कोणता नियम लागू होता हे कळल्याशिवाय कोणता कागद तयार झाला असेल ते कळत नाही.

२. दोन्ही वाटा धरा. दिल्लीची वाट : राष्ट्रीय अभिलेखागार, महासंचालनालय, आणि संसदेतली प्रश्नोत्तरं. तेव्हा खातं ‘पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक’ असं एकत्र होतं, त्या नावानेही शोधा. जिल्ह्याची वाट : ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय, वसईचं तहसील, मुंबईचं राज्य पुराभिलेखागार.

३. माहिती अधिकाराचं कलम ८(३) पाठ करा. २० वर्षांहून जुन्या घटनेची माहिती नाकारण्याची बहुतेक कारणं तिथे गळून पडतात. अर्जात मात्र ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. विमानाची नोंदणी, तारीख, गाव आणि कागदाचा प्रकार लिहा.

४. वर्तमानपत्रं पहिल्या दिवसाची नव्हे, पहिल्या पंधरवड्याची वाचा. पहिल्या दिवशी आकडे चुकतात, दुसऱ्या आठवड्यात माणसं दिसायला लागतात.

५. कारणाचं प्रत्येक विधान नोंदवताना शेजारी दोन रकाने ठेवा : ‘कुणी म्हटलं’ आणि ‘कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात’.

६. मृताचं नाव सापडलं म्हणून ते लगेच छापायचं नसतं. घरचे असतील तर त्यांना विचारा. कागद सरकारी असला तरी दुःख त्यांचं आहे.

शोधनिबंधाचा विषय म्हणून तुम्ही ‘भारतातील विमान अपघात : एक अभ्यास’ असं लिहून नेलंत तर मार्गदर्शक तो परत देतील, कारण त्यात प्रश्न नाही. ‘विमान अपघाताच्या चौकशीच्या कागदांत जमिनीवरचा माणूस कुठे येतो? वसई तालुका, १९६८’ असं नेऊन बघा. गाव लहान आहे, वर्ष एक आहे, माणूस एक आहे. प्रबंध सुरू करायला एवढं पुरेसं आहे.